छाट

मागांचा शेवटचा आठवडा मी फोनमध्ये भरून घेतला.
सोमवारी भंगारवाला येणार होता,
भाव किलोवर ठरला होता.
नायना म्हणाले, आवाजाचं काय करणार बे?
विकणार, म्हटलं.
ते हसले, मग खोकले,
मग बराच वेळ नुसतेच खोकले.

घोंगडे वस्तीत आम्ही सगळे
त्या खटाखटीतच झोपायला शिकलो.
माग थांबला, लाईट गेली,
की पाळण्यातली पोरं दचकून उठायची.
मोठी होऊन ती भिवंडीला गेली, पुण्याला गेली,
तिथल्या शांत फ्लॅटांत टक्क जागी राहिली.
त्यांच्यासाठी ॲप केलं. नाव ठेवलं रातपाळी.
चाळीस रुपये, एकदाच.

पहिल्या महिन्यात एकसष्ट जणांनी घेतलं.
पडद्यावर चोवीसशे चाळीस,
खात्यात सतराशे आठ.

अम्मा सुपाशी बसून पानं कापत होती.
पत्र्याचा फर्मा, कात्री, कर्र कर्र.
मान वर न करता तिनं विचारलं,
छाट किती?

छाट तिला माहीत आहे.
हजार विड्या नेल्या की चेकर मूठ उचलतो,
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड फुटकं,
आणि टाकतो बाजूच्या टोपलीत.
टोपलीतल्या परत मिळत नाहीत.
त्या कुठं जातात
हे चौतीस वर्षांत तिनं एकदाच विचारलं,
त्या आठवड्यात पानं भिजकी मिळाली.

माझ्यात वाकडं काय होतं पण?
काही नाही, म्हणाली.
सरळ विड्यांतूनही काढतात की.

चेकरचं नाव काय तुझ्या?
नाव नाही, अम्मा. दारं आहेत, दोन,
अख्ख्या जगाला दोन,
आणि दोन्हींवर एकच पाटी.
खोटं कशाला बोलू,
ते दार नसतं तर भिवंडीच्या भूदेवी यन्नमना
मी सापडलोच नसतो.
त्यांनीच लिहिलं होतं,
तुमचा नंबर द्या, भावांना पण घ्यायचंय,
चाळीसचे चाळीस तुम्हालाच पाठवतो.

मी नंबर टाकला. ॲपमध्ये, तळाला, बारीक अक्षरात.
तिसऱ्या दिवशी दुकानात रातपाळी नव्हती.
पत्र फार नम्र होतं.
धोरणाचा भंग, आपल्या सहकार्याबद्दल आभार,
सहीच्या जागी माणूस नाही, पथक.
नऊ दिवस मी त्या पथकाला
माझ्या मोडक्या इंग्रजीत माग समजावत बसलो.
दहाव्या दिवशी नंबर खोडला.
ॲप परत आलं.

वर एक खुशखबर,
लहान विकणाऱ्यांनी अर्ज केला तर तीसाचे पंधरा.
पेढे नाही, पण कडक भाकरीवर
शेंगाचटणी जरा जास्त घेतली त्या रात्री.
अम्मा म्हणाली,
छाट कमी करतात ना, तेव्हा पान बघून घ्यावं.

बघतोय.
आता झोपेचे आवाज शोधले की
आधी पैसे भरलेले समुद्र येतात,
पैसे भरलेले पाऊस, कुठल्यातरी जंगलातले बेडूक,
सोलापूर खाली, अंगठा दुखेपर्यंत खाली.
वर यायचं असेल तर दिवसाचे दोनशे.
पंधरा वाचवलेले असे जातात,
त्यांना छाट म्हणत नाहीत.

मे महिन्यातली रात्र, पत्रा अजून तापलेला,
नायनांना झोप येईना.
मी फोन उशाशी ठेवला, रातपाळी लावली.
पाचेक मिनिटांत डोळे मिटले,
हात पोटावर, बोटं तालावर.
वाटलं, लागली.

मग ते उठून बसले, अंधारात,
चप्पल शोधायला लागले पायानं.
तिसऱ्या मागाचा धागा तुटलाय, म्हणाले,
ऐकू येत नाही का तुला?
बंद कर आधी. कापड खराब होतंय.