हात लावू नको

"हात लावू नको बाय, मी येतो,"
एवढंच म्हणाला हिरामण
आणि शारजाला गेला.
येझदी भिंतीला टेकून राहिली
खारीगावात, आमच्या मोरीमागे,
जिथे शेवग्याचा पाला पडतो.

आम्ही हात लावला नाही.
आमच्या घरात शब्द पाळतात.
आईने ताडपत्री टाकली, ती फाटली,
दुसरी टाकली, ती वाऱ्याने नेली,
मग भांडी घासता घासता नुसती बघत राहिली,
शेवटपर्यंत.
गावाच्या नावातच खार.
खाडीवरून येणारा वारा
रोज चिमूटभर लोखंड खाऊन जायचा
आणि फोनवर तो विचारायचा,
"गाडी आहे ना?"
"आहे की."
खोटं नव्हतं ते.

एकवीस वर्षं.

यंदा गटार रुंद करायला भिंत पाडायची ठरली.
भंगारवाला आला, हँडल धरून हलवून पाहिलं,
किलोचा भाव सांगितला.
मी आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवते,
गंज मला नवा नाही.
पण किलोचा भाव ऐकला
आणि पायातली चप्पल काढावीशी वाटली.

सायलेन्सर दोन.
एकात कुंभारीण माशीने सहा खोल्या बांधलेल्या,
दारं लिंपून, नीटनेटक्या.
दुसऱ्यात काळं पाणी.
सीटखाली मुंग्यांचं गाव, टूलबॉक्समध्ये
दहा-अकराचा एक पाना
आणि लॉटरीचं तिकीट, आकडे उडालेलं.
पिस्टन जाम.
प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं.
रोज कामावर जाताना किक दाबून बघायची,
हलकेच, झोपलेल्याला उठवावं की नाही
हे ठरत नसल्यासारखी.
नवव्या दिवशी नखाएवढं हललं.

वागळे इस्टेटमध्ये बोअर करून घेतला.
किसननगरात निकेलचं काम करणाऱ्या देवाडिगाने
रिम उजेडात धरली, म्हणाला,
"मॅडम, यात लोखंडापेक्षा भोकं जास्त."
रिमा नव्या घेतल्या. स्पोक मीच ओढले,
बोटांची सालटी गेली.

टाकीला डावीकडे पोचा आहे.
पेंटर म्हणाला, पुटी भरतो, कळणारही नाही.
नको म्हटलं.
तो पोचा माझा आहे.
एकोणिसाव्या वर्षी, त्याला न विचारता,
मी ती खाडीच्या बांधावर नेली आणि वळणावर पाडली.
गुडघा फुटला. त्याने आधी गाडी उचलली,
मग मला.
ते "हात लावू नको" तेव्हापासूनचं.

येझदीचा किक आणि गियर एकाच दांड्यात.
मागे फिरवला की किक, पुढे घेतला की गियर.
हे आयटीआयच्या पोरांना सांगितलं की ती हसतात,
मग मोबाइलवर शोधून बघतात.

रविवारी, अकरा किका वाया.
बाराव्याला निळा धूर, आणि मग
तो आवाज.
भोईरकाकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या,
"हिरामण आला काय गो?"

मी फोन लावला. बोलले काहीच नाही,
मोबाइल सायलेन्सरजवळ धरला.
तिकडे इतका वेळ काही नाही
की वाटलं लाइन तुटली.
मग घसा खाकरल्याचा आवाज:
"टायमिंग जरा पुढे आहे."

आहेच. मला कळलं होतं. केसभर.
"बघते उद्या," म्हटलं आणि थांबले.
पुढचं वाक्य मला पाठ होतं.

ते आलं नाही.
"आधी पॉइंट घास," तो म्हणाला,
"जुन्या पॉलिशपेपरने. नवा नको, खरवडतो."
आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ठेवतो म्हणाला.

इंजिन तापलेलं होतं.
ते गार होईपर्यंत
मी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले,
मांडीवर तो दहा-अकराचा पाना,
हात कोपरापर्यंत काळे.