पान एकोणीस

दप्तर तळघरात आहे. तेरा पायऱ्या,
शेवटची खचलेली.
ओडेट खोकं पुढे सरकवते, म्हणते,
प्रतीला पानामागे पंचवीस सेंट,
पेन नको, पेन्सिल वापर,
आणि पाचला मी कुलूप लावते.

ग्रँट हेलिंगर विधानसभेला उभा आहे.
त्याचं पत्रक माझ्या पर्समध्ये, चार घड्या घालून:
मुलगी, कुत्रा, पांढरं कुंपण,
खाली ठळक – तुमचं घर सुरक्षित, हा माझा शब्द.

शब्द कुणीही देतो.
मी चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला.
ट्रक भरलेला किती, रिकामा किती,
मधली वजाबाकी म्हणजे गहू.
बाकी सगळी ड्रायव्हरची बडबड.

तर काउंटी बोर्डाची इतिवृत्तं,
आठ वर्षांची, त्याच्या दोन मुदती.
शेरीफला तीन नव्या गाड्या: हेलिंगर, होय.
गाड्यांत कॅमेरे: होय, पण कुरकुरत.
(कुरकुरत असं कुणी लिहीत नाही.
लिहितात, सदस्यांनी खर्चाबाबत विचारणा केली.)
तुरुंगात रात्री दर अर्ध्या तासाला फेरी:
हा ठराव त्यानेच मांडलेला,
कोठडीतला एक पोरगा सकाळी उठलाच नाही, त्यानंतर.
दोनदा पडला, तिसऱ्यांदा मंजूर.

हे कुठल्याच पत्रकावर नाही.
मलाही ते सापडायला नको होतं.
मी घरून राग घेऊन निघाले होते,
इस्त्री करून.

पेन्सिल खाली ठेवली. परत उचलली.

मग सहा वर्षांपूर्वीचा मार्च, दुसरा मंगळवार.
विषय सात: उत्तर भागासाठी आणखी एक अँब्युलन्स.
मांडला डॉरिस क्विलने.
बाजूने दोन, विरोधात तीन. हेलिंगर, नाही.
कारण: आधी पूल.

पूल झाला. चांगला झाला.
मी आजही त्याच्यावरूनच आले.

दुसऱ्या खोक्यात पुढच्या वर्षीची, कॉलची नोंदवही.
नावांवर काळी पट्टी ओढलेली,
पण पत्ता माझ्या भावाचा आहे
आणि फोन मी केला होता.
दोन चौदा, कॉल.
दोन पंचावन्न, पोचली.
मधल्या एक्केचाळीस मिनिटांना रकाना नाही.
लॉयल स्वयंपाकघरात फरशीवर,
आणि मी खिडकीशी, आली रे, आलीच, दिवा दिसतोय.
दिवा कोठाराचा होता. मला माहीत होतं.
त्यालाही असणार, तिथेच वाढलो आम्ही.

सापडलं, म्हटलं. पांढऱ्यावर काळं.
आता चार लोकांना दाखवायचं.
ठरावाची प्रत काढायला परत पहिलं खोकं उघडलं,
आणि मतांची मोजणी जिथे संपते
तिथून पान उलटलं, उगाच.

नोटीस तीन ठिकाणी लावली होती:
पोस्ट, मेथडिस्ट चर्च, धान्याचं कोठार.
नागरिकांचं म्हणणं, विषय सात:
कोणीही बोलले नाही.

कोठाराला दार एकच.
त्याच्या आत डाव्या हाताला मी, माझा काटा, माझं टेबल.
कागद हिरवा असतो, बोर्डाचे सगळे हिरवेच.
तारीख उलटली की मी ते काढायची
आणि कोऱ्या बाजूवर वजनं टिपायची.
त्या मंगळवारी संध्याकाळी कुठे होते मी?
आठवत नाही. म्हणजे घरीच.
बहुतेक लॉयलकडे, पत्ते खेळत.
तो हरायला लागला की खोकायचा.

पाचला दहा कमी.
ओडेट बोट ओलं करून पानं मोजते,
सतरा, अठरा,
मग थांबते. यावर काहीच नाही गं,
दोनतीन ओळी. राहू दे, हे असंच ने.

नको, मी म्हणते.
त्याचेही लाव.