तिसरं बक्षीस

बाजारपेठेच्या सोडतीत आईला तिसरं बक्षीस लागलं:
सरोवराकाठच्या हॉटेलात एक रात्र, दोघांसाठी,
फेब्रुवारी संपायच्या आत.
दुसरं बक्षीस सायकल होती.
आईला सायकलच हवी होती.
"थंडीत आणखी थंड जागी जायला कोण पैसे मोजणार?
म्हणून फुकट देतात," ती म्हणाली,
आणि पिशवीत चार जोड मोजे भरले.

बसमध्ये आम्ही दोघी, ड्रायव्हर,
आणि मागच्या बाकावर कुणीतरी विसरलेला मुळा,
पाल्यासकट, लहान मुलाएवढा लांब.

हॉटेल सात मजली. वरचे चार मजले अंधारात.
लिफ्टच्या चार बटणांवर चिकटपट्टी.
काउंटरवरच्या उराबेबाई कमरेत वाकून म्हणाल्या,
आज तुम्ही दोघीच आहात,
म्हणून पुरुषांच्या कुंडात पाणी सोडलं नाही, माफ करा.
आई म्हणाली, "कशाला माफी? तेवढीच शांतता."

खाली धक्क्यावर पायडलच्या होड्या,
राजहंसाच्या आकाराच्या, एकीला एक दोरीनं बांधलेल्या,
पाठीवर वीतभर बर्फ, एकीची चोच गायब.
खरे हंस पलीकडच्या काठाला होते.
सायबेरियातून येतात, उराबेबाईंनी सांगितलं,
इथे ऊब मिळते म्हणून.
आम्ही दातखिळी बसलेल्या, खिडकीला नाक लावून
त्या उबेकडे पाहत राहिलो.

दारापासून कुंडापर्यंत अकरा पावलं,
दगड निसरडे, वारा अंगात सुया टोचणारा.
आधी अंग घासायचं, मग पाण्यात उतरायचं.
लाकडी बादली, बुटकं स्टूल.
आईची पाठ मी तीसेक वर्षांत पाहिली नव्हती.
कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन डाग,
गोल, गुळगुळीत, नाण्याएवढे.

"हे कसले गं?"
"पाल्याचे."
दवण्यासारखा वास येणारा एक पाला,
वाळवून, कुटून, चिमूटभर पाठीवर ठेवायचा
आणि उदबत्तीनं पेटवायचा.
"अंथरूण ओलं करायचे मी. थोरली काकू लावायची.
काका पाय धरून ठेवायचे."
"मग थांबलं?"
"छे. नवव्या वर्षापर्यंत चालू होतं.
पाठीवरची जागा संपली म्हणून काकू थांबली."
ती हसली. मी बादली हातात धरून तशीच बसले
आणि पाणी निवून गेलं.

मी सात वर्षांची असताना, भाड्याच्या त्या घरात,
रात्री कितीदा जाग यायची ओल्या गादीवर.
आई उठायची. दिवा लावायची नाही.
एक शब्द न बोलता चादर ओढून काढायची,
कोरडी घालायची,
सकाळी गादी मागच्या भिंतीवर टाकायची,
जिथे शेजारच्या हिरानोंची खिडकी नव्हती.
मला वाटायचं, रागावलीय, म्हणून बोलत नाही.
कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं.

"मिसाओ, गोठवतेस का मला? पाणी ओत."

ओतलं. मग दोघी उतरलो त्या कढत पाण्यात
आणि दोघींच्या तोंडून एकच आवाज निघाला,
उकळीवर झाकण थडथडावं तसा.
डोक्यावर घडी घातलेला पंचा, कानांवर हिमाचे कण,
माझ्या बटा कडक झाल्या, टिचकी मारली की वाजायच्या.
आई शंभर आकडे मोजणार होती.
चौसष्टला हंस ओरडला,
ती आकडा विसरली, पुन्हा एकपासून सुरू केलं.
दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा हंसाचं नाव सांगितलं,
पण ओरडला कुणीच नव्हता.

परतीच्या बसला तोच ड्रायव्हर.
मुळा घ्यायला कुणी आलं नाही म्हणाला,
न्या तुम्ही, माझ्या घरी खाणारा मी एकटाच.
आईनं आढेवेढे घेतले, तीनदा, रीतीप्रमाणे,
मग मांडीवर आडवा घेतला,
आणि बोगदा येईपर्यंत
त्याच्या पाल्यावरचं दव बोटानं टिपत बसली.