गुलाब पेंटर यांच्या सौजन्याने

जालना, नवा मोंढा. ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज,
खाली सरकीचा वास.
निवेदक चिठ्ठी वाचतो : "यापुढचं वाद्यवादन
गुलाब पेंटर यांच्या सौजन्याने."
आम्ही लिहून दिलं होतं, स्मरणार्थ.
फय्याज माईककडे निघतो. मी काडीनं खुणावतो, असू दे.

पहिली तीन मिनिटं आम्ही काहीच वाजवत नाही.
अ‍ॅम्प घोंघावतो, तेवढंच.
हा पांढऱ्याचा पहिला हात.
"वाळू दे की लेका," तो म्हणायचा,
"भिंतीला बी दम खाऊ दे,"
आणि बिडी पेटवून सावलीला बसायचा, अंबड रोडला,
बियाण्याच्या कंपनीचे पैसे चौरस फुटावर असले तरी.
मागून कुणी ओरडतं, नाचायचं लावा!
वाळू दे की लेका.

मग आम्रपाली बेसची जाड तार
चिमटीत धरून उचलते
आणि सोडते.

त्या एका आवाजावर मी अकरा वर्षांचा.
निळीत बुडवलेल्या सुतळीचं टोक माझ्या अंगठ्याखाली,
दुसरं खिळ्याला, वीस फुटांवर. मधोमध तो.
"हालू नको."
ओढतो, सोडतो : टण्ण.
भिंतीवर रेघ, इतकी सरळ
की त्या गावात दुसरं काहीच सरळ नव्हतं.
दोन दिवस शेंबूड निळा.

आता फय्याज रंग भरतोय.
ठरलेलं काही नाही, फक्त रेघ सोडायची नाही,
सोडलीच तर पेंटर सोडायचा तशी,
कपाशीचं एखादं बोंड उगीच फुगवून.
मालकानं विचारलं तर, "पीक चांगलं आलंय साहेब."
फय्याज डिस्टॉर्शन ओततो, रॉकेल ओतल्यासारखं,
सूर पातळ होतो, ओघळतो,
ओघळ आम्रपाली खालून बोटानं पुसून घेते.
मी झांजेवर कोरडा ब्रश फिरवतो.
बँजो पार्टीत हा हात कधी लागलाच नाही,
तिथं सगळं एका दमात लाल.

आठव्या की बाराव्या मिनिटाला
मी चुकतो. एक ठोका मोकळा जातो.
त्या भोकात तो शिडीवर, पाठमोरा...
छे. शिडीही नाही.
फक्त वीतभर कोरी जागा,
तो प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचा ती.
सही करा की काका, मी म्हणायचो.
"हीच हाय."

पुढच्या फेरीत मी तो ठोका मुद्दाम सोडतो.
त्याच्या पुढच्याही.
फय्याज हसतो.

फ्लेक्सचं मशीन आलं त्या उन्हाळ्यात
त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे केले, ते केलेच.
मी बँजोत गेलो.
त्याच्या मयतीच्या दिवशी मी परतूरला
कुणाच्या तरी वरातीत वाजवत होतो.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

शेवट कसा करायचा तेही ठरलं नव्हतं.
वॉचमन मोंढ्याचे दिवे एकेक घालवायला लागला,
फय्याज थांबला, मी थांबलो,
तार राहिली.
समोर पंचवीसेक माणसं, पोत्यावर निजलेला एक हमाल.
निवेदक वर आला : "गुलाब पेंटर जिथं असतील तिथून
कृपया स्टेजवर यावं,
सत्काराचा नारळ आहे."

नारळ आम्रपालीनं घेतला, बेसच्या पेटीत ठेवला.
अंबड रोडची एक भिंत अजून उभी आहे म्हणे.
कंपनीचं नाव पोपड्यांबरोबर गळून गेलं.
नीळ आहे.