दोन अक्षरांचा देश

"प्रोफे, याला डोळे आहेत, पण दिसत नाही,"
रोसामेल माझ्या दारात उभं राहून म्हणाला,
जसं कुणी म्हाताऱ्या बैलाविषयी बोलतं.

मग गेले. कास्त्रोत त्याचं घर खांबांवर,
खाली ओहोटीचा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या,
जूनचा अंधार साडेपाचलाच खिडकीशी.
चुलीत ओलं लाकूड सूं सूं करत होतं.
लॅपटॉप त्याने लोकरी शालीत गुंडाळून ठेवलेला,
झाकणावर अर्धवट निघालेलं सामन माशाचं स्टिकर.
कोडियाकच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मासे साफ केले,
त्याची तेवढीच निशाणी.
मार्चमध्ये परतला. निघताना मार्लो नावाच्या फिलिपिनो सोबत्याने
त्यात लिनक्स घालून दिलं,
म्हणाला, आता हे तुझ्याआधी मरत नाही.

शेजारणीचं नेटवर्क दिसत होतं,
कोपऱ्यावरच्या बेकरीचं दिसत होतं,
धक्क्यावरच्या दोरखंडाच्या दुकानाचंसुद्धा.
फक्त याचं स्वतःचं,
ज्याचा डबा दोन हातांवर, पावाच्या टोपलीशेजारी
हिरवा दिवा लावून बसला होता,
तेवढं नाही.

टर्मिनल उघडलं.
कार्ड आहे का? आहे.
ड्रायव्हर चढलाय? चढलाय.
कडेची कळ चुकून बंद? नाही.
कर्नलच्या नोंदींत काही कुरकुर? एक ओळ नाही.
सेवा थांबवली, पुन्हा सुरू केली. तेच.
काही दुखत नाही म्हणणाऱ्या आजाऱ्याला
औषध तरी कसलं द्यायचं?
रोसामेल न बोलता माते भरत राहिला.

तिसऱ्या मातेला, दुसरं काही सुचेना म्हणून,
मी यंत्राला विचारलं,
तू कुठल्या देशात आहेस?
यूएस, ते म्हणालं.
न अडखळता.

त्या देशाच्या यादीत चॅनेल अकरापाशी संपतात.
आणि कंपनीच्या पोराने डबा बसवताना,
गर्दी नको म्हणून,
याला तेराव्यावर ठेवून दिलेलं.
म्हणजे हाक रोज येत होती. घरातूनच.
आणि हे आपलं कायदा पाळत बसलेलं.

"फार आज्ञाधारक आहे," मी म्हणाले.
"मीही होतो," तो म्हणाला. "लाल दिव्याला थांबायचो,
रात्री तीनला, रस्त्यावर कुत्रंही नसताना."

पासवर्ड त्याने एका बोटाने भरला,
पडद्यावर काही उमटत नाही म्हणून
ओठांनी मोजत.
मी देश बदलला. सीएल. एंटर.
काहीच झालं नाही, म्हणजे बरोबर झालं;
या यंत्रांची बोलायची रीतच तशी.
पुन्हा शोधायला लावलं,
आणि यादीच्या अगदी तळाशी,
पाण्याने काठाला आणून सोडावं तसं, एक नाव:
तिया ओर्तेन्सिया.
"आत्या," तो म्हणाला. "तिनेच वाढवलं मला.
डब्याला नाव हवं म्हणाला पोरगा."

पण हे टिकायचं नाही, मी सांगितलं.
बंद करून उघडलं की पुन्हा तिकडे जाऊन बसेल.
रोज सांगा, नाहीतर
एका फाइलीत कायमचं लिहून ठेवा.
"लिही."
लिहिलं. यंत्र बंद केलं, चालू केलं.
तेवढ्यात खाली पाणी खांबांना लागायला लागलं,
आम्ही दोघंही तेच ऐकत होतो.
राहिलं. सीएल राहिलं.

उठताना सहज लक्ष गेलं.
पडद्याच्या कोपऱ्यात तीन वाजून दहा,
भिंतीवर सात वाजून दहा.
तेही करून टाकते, म्हणत मी हात पुढे केला.

"ते राहू दे, प्रोफे."
त्याने किटली उचलली, परत ठेवली.
"तीनला पाळी सुटते.
मार्लो आत्ता हातमोजे काढत असेल."