सीटखालचं शिसं

रविवारी सकाळी सातला
धुकं अजून पो नदीवरून उठलेलं नसतं
आणि मी वजनकाटा शून्यावर आणून बसलेली असते.
माझं काम एवढंच:
जन्माचा दाखला बघायचा, वजन लिहायचं,
हेल्मेटचा पट्टा एकदा ओढून बघायचा.
सव्वीस वर्षं झाली.
इंजिन तेलाचा वास स्वेटरातून जात नाही,
आणि घालवायचं मीही सोडून दिलंय.

आज तादेओ आला.
आला म्हणजे, बापानं काखेत धरून आणला,
एका गालावर उशीची घडी तशीच उमटलेली.
अठरा किलो चारशे.
बूट, मोजे, हेल्मेट धरून एकवीस.
"गाडीसकट नऊ कमी पडतात," मी म्हटलं.
बापाला ठाऊक होतं.
डिकीत शिशाच्या विटा तयार होत्या,
एकेकीवर खडूनं आकडा घातलेला.
त्यानं त्या सीटखाली बोल्टानं आवळल्या,
पोराचं उरलेलं वय
हार्डवेअरच्या दुकानातून आणावं तशा.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
याचे ब्रेकपर्यंत पोचत नव्हते.
पेडलांना ठोकळे बांधले होते, पॉपलरच्या लाकडाचे,
आजोबांनी तासून दिलेले,
कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत,
पोराला कुठे लागू नये म्हणून.

नीवेस, त्याची आई,
तारेच्या कुंपणापाशी थर्मासचं झाकण
उघडत होती, लावत होती.
"तुम्ही इतकी मुलं बघता," ती म्हणाली,
"किती लहान म्हणजे फारच लहान?"

कागदावर उत्तर आहे. सहा पूर्ण.
तादेओला मंगळवारी सहा पूर्ण झाली.
सोमवारी तो फारच लहान होता.

सांगता आलं असतं मला एत्तोरेबद्दल,
जो पाचाव्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा ट्रॅकवर बसला
आणि आता बेकरीची गाडी इतकी सावकाश हाकतो
की मागचे हॉर्न वाजवून दमतात.
सांगता आलं असतं माझ्याबद्दल.
बाबा म्हणाले, मोठी हो, मग बघू.
मोठी झाले, आणि सीटमध्ये मावेना.
त्यांचं बरोबर होतं की चूक
हे मला अजून, या वयातही, ठरवता येत नाही.

मी म्हटलं, "पट्टा घट्ट आहे. मी बघितलाय."
तिनं पट्ट्याचं विचारलं नव्हतं.

मग आठ हेल्मेटं सुटली,
इतकी बुटकी की त्यांच्याखाली माणसं असावीत
असं वाटतच नव्हतं.
तिसऱ्या फेरीला, चिंचोळ्या वळणावर,
एक गवतात गिरकी घेऊन थांबलं.
त्या एका इंजिनाचा आवाज बंद झाला
तर बाकी सात ऐकू येईनात.

बाप कुंपणावरून गेला. त्याला पन्नाशी जवळ आलीय,
कसा गेला कोण जाणे.
तादेओनं काच वर केली. ओठावर रक्त.
"दात!" तो ओरडला, "माझा दात!"
आठवडाभर हलत होता म्हणे, समोरचा, खालचा.

पिवळ्या निशाणाखाली सात पोरं रांगत होती
आणि चार मोठी माणसं गुडघ्यांवर बसून
गवतात दुधाचा दात शोधत होती.
सापडला हेल्मेटच्या गादीत, गालापाशी.
बाप म्हणाला, "ब्रेक उशिरा लावलास."
तो म्हणाला, "उंदीर किती पैसे ठेवेल?"
दोघंही एकमेकांकडे बघत होते.

शर्यतीनंतर वजन पुन्हा घ्यावं लागतं.
तो मूठ आवळून काट्यावर चढला.
"दात पण धरायचा?"
धरायचा, मी म्हटलं.
एकवीस.
मी आकडा लिहिला, सही केली.

नीवेस अजून कुंपणापाशीच होती.
थर्मास आता उघडा होता, वाफ येत नव्हती,
आणि ती माझ्याकडे नाही,
त्या काट्याकडे बघत होती.