एक घर चुकून

कौहायोकी, पहाटेचे सहा, उणे एकवीस.
शेडच्या कुलपात चावी फिरेना,
म्हणून ती आधी काखेत धरून बसले.
मग मेन स्विच. पंखा कण्हला.
पडद्यावर हिरवी अक्षरं, त्यांच्या मागून लाल ओळ:
स्पिंडल ड्राइव्ह तयार नाही.
हे रोजचंच. दहा मिनिटं थांबायचं,
कॉफी गाळायची, अलार्म पुसायचा.
थंडीत यंत्रही पांघरुणातून आधी एक पाय
बाहेर काढून बघतं.

खरं भांडण त्यानंतरचं.
आधी एक्स, मग झेड: दोघांना घरी पाठवायचं.
टरेट मागे सरकतं, ठोकळा स्विचवर चढतो, टक्,
वेग उतरतो. ठोकळा सुटला की
स्क्रूच्या फेऱ्यातली जी खूण पहिली दिसेल
तिथं थांबायचं, आकडे शून्य.
शून्य म्हणजे घर.
निदान लेथची तशी समजूत.

मंगळवारी ट्रॅक्टरचे चाळीस बुश, एकही परत नाही.
बुधवारी पहिल्याच बुशला टूल
दहा मिलिमीटर आधी भिडलं,
इन्सर्टचं टोक उडून काचेवर आलं.
गुरुवारी पुन्हा शहाणी.
शुक्रवारी दहा.
नऊ नाही, अकरा नाही.

ओस्कारी म्हणाला, बॅटरी. बदलली.
म्हणाला, केबल. हातभर हातभर चाचपली.
म्हणाला, एन्कोडर.
यादीत शेवटी माझं नाव असणार,
पण पोरगं सभ्य, गप्प बसलं.

रात्री मोजे वाळत घालताना सुचलं:
दहा म्हणजे स्क्रूचा एक अख्खा फेरा.
काही ढिलं असतं तर चूक रोज वेगळी भरली असती.
ही मात्र नेमाने चुकत होती.
ठोकळा सुटतो नेमका खुणेच्या उंबऱ्यावर;
ग्रीस मऊ असलं तर ही खूण पकडतो,
आळसावलं असलं तर पुढची.
केसाएवढा उशीर, फेराभर लांब.

सकाळी मागचा पत्रा काढला,
टॉर्च दातांत धरून आत शिरले.
आतल्या बाजूला खडूपेन्सिलीनं
वेइक्कोचं अक्षर: तारखा,
आणि प्रत्येकीपुढे शून्य किंवा दहा.
एकोणीस हिवाळे.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.
त्याच्या खिशात दहा मिलिमीटरची पोलादी वडी असायची,
मला वाटे, नवसाची असेल.
रोज आमच्या आधी येऊन
टूल आणि चकच्या मध्ये ती सरकवून बघायचा,
आणि मग आम्हाला म्हणायचा, चला, लागा कामाला.
नीट केलं असतं
तर लेथ त्याच्यावाचून सुरू झाली असती.

दोन ॲलन बोल्ट. ठोकळा पाच मिलिमीटर पुढे,
अर्धा फेरा, दोन खुणांच्या मधोमध.
तीस वेळा घरी पाठवली. तीसही वेळा
घरीच गेली.
ओस्कारीनं टाळी दिली. मी पत्रा बसवला,
अक्षर न पुसता.

रविवारी वृद्धाश्रमात गेले, वडी घेऊन;
निवृत्त होताना विसरला होता ती, माझ्याच खणात.
खिडकीशी बसला होता. स्वेटरच्या गुंड्या
एक घर चुकून लावलेल्या,
वरपासून खालपर्यंत सगळी रांग सरकलेली,
आणि गळ्याशी उरलेली एक.

"आउने," तो म्हणाला. "आलीस."
आउने माझी आई. ड्रिलवर असायची,
त्याच शेडमध्ये, दाराजवळ.
जाऊन बारा वर्षं झाली.

वडी त्यानं अंगठ्यानं चोळली,
कानाशी नेली, का कोण जाणे.
"तुझी रायली," म्हणाला, "हाताची बरी आहे.
पण घाई करते.
तिला सांग, सकाळी आधी मोजायचं,
मग बटण."

मी म्हटलं, सांगते.
गुंड्या तशाच राहू दिल्या.